शीघ्र हस्तक्षेप सेवा, वऱ्हाडातील

जन्मापासून साधारणतः तीन वर्षांपर्यंतच्या ज्या बालकांचा विकास वयाच्या मानाने मागे पडला आहे किंवा मागे पडण्याचा संभव आहे, अशा बालकांना शक्य तितक्या लवकर ओळखून त्यांना व त्यांच्या मातापित्यांना वैद्यकीय, मानसशास्त्रीय व शैक्षणिक साहाय्य पुरविणाऱ्या संघटित व्यवस्थेस शीघ्र हस्तक्षेप सेवा असे म्हणतात. मान धरणे, ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसणे, पालथे पडणे, आधाराशिवाय बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे, पहिला सार्थ शब्द उच्चारणे इ. टप्पे सर्व समाजांतील बालके स्थूलमानाने एकाच क्रमाने ओलांडतात. प्रत्येक टप्प्याला एक कालमर्यादा असते. ती उलटूनही टप्पा गाठला गेला नाही, तर त्यास विकासविलंब म्हणतात. विकासविलंब म्हणजे अपंगत्व नव्हे. काही बालकांच्या बाबतीत तो तात्पुरता असतो, काहींच्या बाबतीत मात्र बहिरेपणा, मस्तिष्क पक्षाघात, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांसारख्या अवस्थांचे ते पहिले लक्षण असते. हा फरक वेळेवर करणे हेच या सेवेचे प्रथम कार्य होय.

वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील, या सेवेचा इतिहास एका विसंगतीमुळे लक्षणीय ठरतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ज्या ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील दोन प्रकल्प होते. एक मुंबईतील धारावी व दुसरा अमरावती जिल्ह्याच्या मेळघाट भागातील धारणी. बालकाच्या दारापर्यंत जाणारी शासकीय यंत्रणा वऱ्हाडात अशा रीतीने फार लवकर आली. तथापि विकासात मागे पडलेल्या बालकाची स्वतंत्र नोंद व उपचार यांची व्यवस्था होण्यास त्यानंतर सु. चार दशके लागली. आधी बालकाचा जीव, मग त्याचे वजन आणि सर्वांत शेवटी त्याचा विकास, या क्रमाने शासनाचे व समाजाचे लक्ष वळत गेले. या प्रदेशातील सेवांचा इतिहास हा मुख्यतः या क्रमाचा इतिहास आहे.

शास्त्रीय आधार : जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याचे आकारमान प्रौढाच्या मेंदूच्या तीनचतुर्थांशाहून अधिक झालेले असते. या काळात मज्जापेशींमधील जोडण्या अनुभवानुसार दृढ होतात किंवा लोप पावतात. त्यामुळे पाहणे, ऐकणे, हाताळणे आणि प्रतिसाद मिळणे यांना पोषणाइतकेच महत्त्व असते. हॅरल्ड स्कील्स व हॅरल्ड डाय या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनाथालयातील तीन वर्षांखालील १३ बालकांना जिव्हाळ्याचा सहवास लाभेल अशा ठिकाणी हलविल्यावर त्यांच्या बौद्धिक विकासात मोठी सुधारणा दिसून आली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत ही बालके प्रौढपणी स्वावलंबी झाल्याचे आढळले. कुपोषणग्रस्त प्रदेशांच्या दृष्टीने जमेकातील प्रयोग अधिक बोलका आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा दोन वर्षे अभ्यास केला गेला. काहींना केवळ पूरक आहार, काहींना घरी येणाऱ्या कार्यकर्तीकडून दर आठवड्यास तासभर खेळ व संभाषण, तर काहींना दोन्ही देण्यात आले. दोन्ही उपायांचा स्वतंत्रपणे लाभ झाला, आणि दोन्ही मिळालेली बालकेच सामान्य वाढीच्या बालकांच्या विकासपातळीजवळ पोहोचली. आहाराबरोबर संवादही द्यावा लागतो, हा त्याचा निष्कर्ष मेळघाटासारख्या प्रदेशाला थेट लागू पडतो.

काही दोषांच्या बाबतीत वेळेची मर्यादा आठवड्यांनी मोजावी लागते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या नेत्रपटलाची तपासणी जन्मानंतर साधारणपणे ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. ती चुकल्यास टाळता येण्याजोगे अंधत्व कायमचे होऊ शकते. जन्मजात अवटुन्यूनतेवर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बौद्धिक हानी बव्हंशी टळते. श्रवणदोषाच्या बाबतीत एका महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान व सहा महिन्यांच्या आत उपाययोजना असा दंडक मानला जातो. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्यास प्लास्टर बदलून, मोठ्या शस्त्रक्रियेविना, सरळ करता येते, परंतु त्यासाठी उपचार शैशवातच सुरू व्हावे लागतात.

पारंपरिक बालसंगोपन : वऱ्हाडातील घराघरांत बालविकासाचे एक अलिखित मोजमाप पूर्वापार चालत आलेले आहे. मूल कधी पालथे पडले, कधी रांगू लागले, पांगुळगाडा धरून कधी चालले, हे आजीच्या स्मरणात पक्के असते. अंगाला तेल लावणे, मांडीवर घेऊन खेळविणे, बडबडगीते व अंगाई या प्रथांत बालकाच्या इंद्रियांना चालना देणारे बरेच काही आहे. तथापि या मोजमापाचा उपयोग विलंब ओळखण्यासाठी क्वचितच झाला. उशिरा बोलणाऱ्या लेकराचा बापही उशिराच बोलला होता, असे समाधान केले जाई. मान न धरणाऱ्या बालकाचे कारण दृष्ट लागण्यात किंवा पूर्वकर्मात शोधले जाई. नवसाच्या मुदतीत उपचाराची मुदत निघून जात असे. मेळघाटातील कोरकू समाजात आजारी अर्भकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची रूढीही दीर्घकाळ आढळत आली आहे. भूमका हा तेथे प्रथम सल्लागार असतो. त्याला विरोधक न मानता बालकाला दवाखान्याकडे वळविण्याच्या कामी सहभागी करून घेण्याचे प्रयत्न पुढे झाले.

कपाशीच्या शेतीचाही येथील बालसंगोपनावर खोल परिणाम झालेला आहे. निंदणी व वेचणीची कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. हंगामात माता दिवसभर शेतात असते, आणि तान्हे मूल बांधावरील झोळीत किंवा जेमतेम सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. अशा वेळी त्याच्याशी बोलणारे, त्याचे हावभाव निरखणारे प्रौढ माणूस जवळ नसते. विलंब उशिरा ध्यानात येण्याचे हे एक साधे, परंतु उपेक्षित कारण होय.

ब्रिटिश अमदानी : १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांताशी जोडण्यात आला. या काळातील आरोग्यव्यवस्थेचा भर देवी टोचणे, पटकी व प्लेग यांचे निवारण आणि दुष्काळातील मदतकार्य यांवर होता. बालकांचा विचार प्रसूतीच्या अनुषंगाने होई. व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये स्थापन झालेल्या निधीतून भारतात स्त्रियांची रुग्णालये उभी राहू लागली. अमरावतीचे स्त्री रुग्णालय आजही डफरीन या नावाने, तर अकोल्याचे लेडी हार्डिंग या नावाने ओळखले जाते. माता वाचली व मूल जिवंत जन्मले, की या सेवेचे काम संपत असे.

अपंगांची गणना मात्र त्या काळात होत होती. १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत अंध, मूकबधिर, वेडसर व कुष्ठरोगी यांची नोंद घेण्याची पद्धत होती. तीत अपंगत्व पूर्णपणे प्रकट झाल्यावरच व्यक्तीची नोंद होत असे. कडेवरच्या मुलाचा बहिरेपणा किंवा बौद्धिक उणीव घरच्यांनाही ठाऊक नसे, आणि ठाऊक असली तरी ती प्रगणकाला सांगितली जात नसे. १९४१ ते १९७१ या काळातील जनगणनांतून ही नोंदही वगळली गेली.

अंगणवाडीची कल्पना : बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा विवाह अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झाला आणि विवाहानंतरची काही वर्षे त्यांनी अमरावतीत काढली. पुढे राजकोट व भावनगर येथे काम करून गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने त्यांनी मॉंटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाच्या प्रयोगास प्रारंभ केला व १९५७ मध्ये तो कोसबाडच्या आदिवासी भागात नेला. अनुताई वाघ या त्यांच्या प्रमुख सहकारी होत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांनी ‘अंगणवाडी’ ही कल्पना मांडली. अंगणवाडी हे नाव पुढे सर्व देशाने स्वीकारले, आणि वऱ्हाडच्या डोंगराळ कोपऱ्यात ते १९७५ मध्ये पोहोचले.

शीघ्र हस्तक्षेपाच्या दृष्टीने या कल्पनेचे महत्त्व मोठे आहे. ज्या बालकाला मदतीची सर्वाधिक गरज असते, ते स्वतः केंद्रापर्यंत येऊ शकत नाही, आणि त्याला आणण्याची निकड त्याच्या घरच्यांना अनेकदा जाणवत नाही. म्हणून ही सेवा मागणाऱ्याची वाट पाहून चालत नाही, तिला शोधत जावे लागते.

धारणी प्रकल्प व त्याची मर्यादा : १९७४ च्या राष्ट्रीय बालकविषयक धोरणानंतर आखलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, अनौपचारिक शालापूर्व शिक्षण आणि मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा अंतर्भूत होत्या. बालकाच्या मानसिक, शारीरिक व सामाजिक विकासाचा पाया घालणे हे योजनेचे एक घोषित उद्दिष्ट होते. व्यवहारात मात्र शालापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षे वयोगटासाठी होते. तीन वर्षांखालील बालकाचा अंगणवाडीशी संबंध मुख्यत्वे आहार, लस व वजनकाटा यांपुरताच आला. सेविकेच्या नोंदवहीत वजनाचा आलेख होता व कुपोषणाच्या श्रेणी होत्या. पण मूल आवाजाकडे वळते का, वस्तू पकडते का, नावाला प्रतिसाद देते का, यांसाठी रकाना नव्हता. ज्याची नोंद होत नाही त्याचा आढावा घेतला जात नाही, आणि ज्याचा आढावा घेतला जात नाही त्यासाठी मनुष्यबळही मंजूर होत नाही. त्यामुळे वजन समाधानकारक असलेले परंतु ऐकू न येणारे मूल या व्यवस्थेत निरोगीच गणले गेले.

जगण्याचा प्रश्न : १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंची वृत्ते राज्यभर पसरली, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या व शासनाने १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना सुरू केली. धारणी व चिखलदरा हे तालुके पुढे प्रदीर्घ काळ कुपोषणाच्या चर्चेचे केंद्र राहिले. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागड येथे, तर डॉ. आशिष सातव यांच्या महान या संस्थेने धारणीजवळ उतावली येथे वैद्यकीय सेवा दिली. विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या सर्च या संस्थेने, प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात अर्भकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळू शकतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रीय प्रयोगाने सिद्ध केले. २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ हा या संस्थेचा अहवाल राज्यातील बालमृत्यूंच्या अपुऱ्या नोंदींवर प्रकाश टाकणारा ठरला. २००५ मध्ये महाराष्ट्रात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. तीव्र कुपोषित बालकांसाठी ग्राम बालविकास केंद्रे भरविण्यात येऊ लागली. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाली. तीनुसार आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत सहा ते सात भेटी देते. २०१८ पासून पंधरा महिने वयापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली.

या प्रयत्नांनी जगणाऱ्या बालकांची संख्या वाढली. त्याबरोबरच एक नवा प्रश्न पुढे आला. जन्मतः गुदमरलेली, अपुऱ्या दिवसांची व अत्यल्प वजनाची अर्भके नवजात अतिदक्षता कक्षांतून वाचून घरी जाऊ लागली, परंतु त्यांच्यात विकासविलंबाचा धोका इतर बालकांपेक्षा अधिक असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७–८९ मध्ये जन्मलेल्या दोन किलोग्रॅमांखालील वजनाच्या अर्भकांचा सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्या बौद्धिक व शैक्षणिक अडचणी शालेय वयातही टिकून राहिल्याचे त्या अभ्यासात दिसले. वाचविलेल्या बालकाचा पुढे पाठपुरावा करणे हे जीव वाचविण्याच्याच कार्याचे उर्वरित अंग आहे, हा बोध अशा अभ्यासांतून रुजला.

उशिरा मिळालेल्या मदतीचे उदाहरण : हस्तक्षेप न झाल्यास काय घडते, याचे दर्शन अमरावती जिल्ह्याच्या परतवाड्याजवळील वझ्झर येथे घडते. तेथील अंबादासपंत वैद्य मतिमंद मूकबधिर बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी ठिकठिकाणी टाकून दिलेल्या अपंग बालकांना आश्रय दिला. संस्थेत शंभराहून अधिक मुलामुलींचे संगोपन झाले. पिता म्हणून त्यांच्या नावापुढे पापळकरांचेच नाव लागते. कायद्याने वयाच्या १८ व्या वर्षी बालगृह सोडावे लागते, परंतु अशा मुलांना जाण्यास जागा नसते. म्हणून त्यांच्या आजीवन पुनर्वसनाची तरतूद व्हावी, अशी मागणी पापळकरांनी सातत्याने केली. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री हा सन्मान देण्यात आला. अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी शिवाजीराव पटवर्धन यांनी केलेले कार्य आणि गाडगे महाराजांनी अपंग व निराधारांसाठी चालविलेली अन्नदानाची परंपरा यांच्याशी वझ्झरचे नाते जुळते. वऱ्हाडात करुणेची ही परंपरा समृद्ध आहे. तथापि ती मुख्यत्वे उपेक्षा घडून गेल्यानंतर धावून जाते. बालकाचा त्याग होण्यापूर्वी मातेच्या हाताला आधार देणे, हे शीघ्र हस्तक्षेप सेवेचे क्षेत्र आहे.

कायदे व मापनसाधने : भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम (१९९२), अपंग व्यक्ती अधिनियम (१९९५), राष्ट्रीय न्यास अधिनियम (१९९९) आणि दिव्यांगजन हक्क अधिनियम (२०१६) यांनी या सेवांना विधिमान्य अधिष्ठान दिले. २०१६ च्या अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार अंतर्भूत आहेत. मापनसाधनांच्या बाबतीत मराठी विदुषी प्रमिला फाटक यांचे कार्य मूलगामी आहे. बडोदे येथे भारतीय बालकांचे निरीक्षण करून त्यांनी विकासाची भारतीय प्रमाणके तयार केली. त्यांवर आधारलेली शिशुविकासमापिका व ५४ घटकांची बडोदा चाळणी चाचणी देशभर वापरली जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला १७ घटकांचा तिरुअनंतपुरम विकासतक्ता अंगणवाडीसेविकेलाही काही मिनिटांत वापरता येतो. २०१० मध्ये प्रचारात आलेल्या माता व बाल संरक्षण पत्रिकेत वजनाच्या आलेखासोबत विकासाचे टप्पेही चित्ररूपाने देण्यात आले, आणि नोंदवहीत नसलेला रकाना अशा प्रकारे मातेच्या हातातील पत्रिकेत प्रथम आला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम : ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्‌घाटन झाले. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वादींच्या कमतरता आणि विकासविलंब अशा चार वर्गांतील सु. ३० अवस्थांची तपासणी जन्मापासून १८ वर्षे वयापर्यंत करणे, हे त्याचे स्वरूप आहे. विकासविलंबाला कुपोषण व आजार यांच्या बरोबरीचे स्थान शासकीय कार्यक्रमात येथे प्रथमच मिळाले.

तपासणीची साखळी तीन कड्यांची आहे. प्रसूतीच्या ठिकाणी वैद्यकीय कर्मचारी व घरभेटीत आशा कार्यकर्ती नवजात अर्भकाची पाहणी करतात. फिरते पथक अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासते. अशा पथकात एक पुरुष व एक स्त्री वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. संशयित बालकांना शेवटी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. अमरावती व अकोला येथे जिल्हापातळीवर अशी केंद्रे आहेत. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रपरीक्षक, विशेष शिक्षक व सामाजिक कार्यकर्ता यांनी एकाच छपराखाली बालकाला तपासावे, अशी केंद्राची रचना कल्पिलेली आहे. एरवी पालकांना यांपैकी प्रत्येकाकडे वेगळे जावे लागते, आणि या भटकंतीत अनेक जण मध्येच थकतात. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) व अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) यांच्यामुळे निदानाची सोय पूर्वीपेक्षा जवळ आली.

केंद्रातील कामाचे मर्म मातापित्यांच्या शिक्षणात असते. आठवड्यातून एकदा तासभर होणाऱ्या व्यायामाने ताठर स्नायू सैल होत नाहीत. तो व्यायाम अंघोळ घालताना, दूध पाजताना व कडेवर घेताना रोज व्हावा लागतो. म्हणून बाळाला कसे धरावे, चमच्याने कसे भरवावे, त्याच्या नजरेसमोर चेहरा आणून कसे बोलावे, हे मातेला प्रत्यक्ष करून दाखविले जाते. खेळण्यांऐवजी वाटी, चमचा, रंगीत चिंधी, बिया घालून केलेला खुळखुळा अशा घरच्या वस्तू वापरता येतात. मातेला उपचारक बनविणारी ही पद्धत कमी खर्चाची आहे. तथापि आपल्या बाळात काहीतरी उणे आहे, ही भावना बाजूला सारून ते काय करू शकते याकडे पाहण्याचे बळ मातेला द्यावे लागते. ही सर्वांत अवघड पायरी होय.

अडचणी : पहिली अडचण अंतराची आहे. धारणीहून अमरावती सु. १५० किमी. दूर असून मार्ग घाटाचा व व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणारा आहे. दर आठवड्याच्या उपचारासाठी आदिवासी मातेने मजुरी बुडवून, इतर मुलांना मागे ठेवून हा प्रवास करणे अशक्यप्राय असते. पावसाळ्यात काही गावांचा संपर्कच तुटतो, आणि सुगीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करीत असल्याने त्यांचा पाठपुरावा खंडित होतो. पथकाने हुडकलेले मूल दुसऱ्या तपासणीच्या वेळी गावातच नसते.

दुसरी अडचण भाषेची होय. कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून तिचा मराठीशी कुळसंबंध नाही. दोन वर्षांचे मूल किती शब्द बोलते, हे मराठीभाषक तपासनीस ठरवू लागल्यास घरी कोरकूत बोलणारे मूल मुके ठरण्याचा किंवा खरोखर मागे पडलेले मूल ‘भाषा कळली नाही’ म्हणून निसटण्याचा संभव असतो. अंगणवाडीसेविका कोरकूभाषक असल्यास हा दोष बराच टळतो.

तिसरी अडचण प्रशासकीय विभागणीची आहे. बालकाचे आरोग्य आरोग्य विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, तर विशेष शाळा डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. विशेष शाळांतील प्रवेश साधारणतः शालेय वयापासून होतो. त्यामुळे शोध एका विभागाने लावला, तरी शाळेपर्यंतची वर्षे कोणी सांभाळावीत, हा प्रश्न अनेकदा अनुत्तरित राहतो. वाचा-उपचारतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ हे मोठ्या शहरांकडे ओढले जात असल्याने जिल्हापातळीवर त्यांना टिकवून ठेवणे कठीण जाते. निदान करून उपचार न देणे ही मातापित्यांची दुहेरी निराशा ठरते, आणि पुढील तपासणीवरचा त्यांचा विश्वास उडतो.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मज्जाविकासाशी निगडित दोषांचे प्रमाण दोन ते सहा वर्षांखालील बालकांत ९·२ टक्के व सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत १३·६ टक्के आढळले. वऱ्हाडातील कोणत्याही मध्यम आकाराच्या अंगणवाडीत अशी काही बालके असणारच, हे यावरून उघड होते.

अलीकडील प्रयत्न : २०२१ मध्ये केंद्र शासनाने मुंबईसह १४ ठिकाणी सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठी एकत्रित शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी आचारसंहिता प्रसिद्ध झाली. तीत विलंबाची चाळणी, अंगणवाडीत बालकाचा समावेश आणि आशा व आरोग्य पथक यांच्याकडे संदर्भ असा क्रम घालून देण्यात आला. २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. १९७५ च्या योजनेत तीन वर्षांखालील बालकाच्या मानसिक विकासाची जी जागा रिकामी राहिली होती, ती भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘आरंभ’ या उपक्रमात अंगणवाडीसेविकांना पालकांशी खेळ व संवाद यांविषयी बोलण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. वऱ्हाडातील यवतमाळ हा त्याच्या आरंभीच्या जिल्ह्यांपैकी एक होय.

अर्धशतकाच्या या वाटचालीत वऱ्हाडाने बालकाच्या अंगणापर्यंत जाणारी यंत्रणा उभारली, त्याचे मृत्यू मोजले, वजन मोजले आणि अखेरीस विकासही मोजण्यास आरंभ केला. शोधाची साखळी आता बरीचशी अस्तित्वात आहे, उपचाराची मात्र जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतच येऊन थांबते. धारणीचे उपजिल्हा रुग्णालय, चिखलदऱ्याचे ग्रामीण रुग्णालय व अकोल्याच्या तालुक्यांतील अशीच रुग्णालये यांतून ठराविक दिवशी भौतिकोपचार व वाचा-उपचार मिळू लागणे, आणि कोरकूभाषक सेविकांना घरच्या घरी करावयाच्या उपायांचे प्रशिक्षण मिळणे, या दोन गोष्टी साधल्या तर ही साखळी पूर्ण होईल. तोपर्यंत मेळघाटातील बालकाचा विलंब किती लवकर ओळखला गेला यापेक्षा, त्याची आई अमरावतीला किती वेळा जाऊ शकली, यावरच त्याचे भवितव्य ठरत राहील.